बुडालेल्या सुनेचं पान

शहापूर, १७ ऑगस्ट २०२५

श्री. महिपत मास्तर यांस,

बुडून मेलेल्या बाईने जिवंत माणसाला पत्र लिहिताना मायना काय घालावा, हे आमच्या शास्त्रीबुवांनी कधी शिकवलं नाही. नमस्कार लिहावा तर तू माझ्याहून दीड वर्षाने लहान. आशीर्वाद लिहावेत तर भुताचे आशीर्वाद घरात कोण घेईल? म्हणून नुसत्या 'यांस'वर भागवते.

तुझी कादंबरी वाचली. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आली, आणि ग्रंथपाल शीतलने, "भोईरबाई, आपल्या मुरबाडकडचे लेखक आहेत, तुम्हीच आधी वाचा," म्हणून ती माझ्याच हातात ठेवली. दैवाला विनोदबुद्धी असते, ती अशी. मागच्या बाजूला तुझा फोटो आहे. केस गेलेत, चष्मा आलाय, मान अजून तशीच तिरकी. फोटोखाली छापलंय की तू नंदुरबारकडे शिकवतोस आणि पत्नी व दोन मुलांसह राहतोस. ते वाचल्यावर पुस्तक पुढून उघडायचं सुचलं नाही, शेवटाकडूनच उघडलं. त्यामुळे आपली ओळख व्हायच्या आधीच मी मेले.

काळू नदीत बुडवलंस होय रे मला? आणि तेही पोहता येत नाही म्हणून? मी भिवंडीकडची, खाडीकाठच्या आगऱ्यांची पोर. आमच्यात मूल चालायला उशीर करेल, पोहायला नाही. पण मग लक्षात आलं, तू मला आगरी ठेवलंच नाहीस. जोशांची मुलगी केलीस. गोरी, सडपातळ, केस गुडघ्यापर्यंत. (माझे केस कुठवर होते ते तुला चांगलं ठाऊक आहे.) रागावले नाही. आगऱ्याच्या पोरीला संस्कृत येतं हे खरं असलं तरी कादंबरीत पटत नाही. खऱ्या जगात तरी कुठे पटलं होतं? माझे वडील भातगिरणीवर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, पोरगी मंत्रांची कसलीशी परीक्षा देतेय, पास झाली का सत्यनारायण घरच्या घरी.

माझ्या भावांच्या हातात तू कोयते दिलेस. अनंतादादाने हे वाचलं तर त्याला फार बरं वाटेल. त्याने आयुष्यात शहाळंसुद्धा दुसऱ्याकडून सोलून घेतलंय. त्याने केलं ते एवढंच, की आपण दोघं शिकवायचो त्या संस्थेच्या चेअरमनला एकदा जेवायला बोलावलं. पुढच्या महिन्यात तुझं काम तिथलं संपलं. कोयत्यापेक्षा मटण फार लांबवर चालतं, पण त्याचं प्रकरण लिहिता येत नाही, हे मला मान्य आहे.

तुझ्या आईचं मात्र तू बरं केलं नाहीस. पुस्तकात ती दारात उभी राहून नायिकेला शिव्याशाप देते, अडीच पानं. मी त्या दारात गेले होते, मास्तर. ती एक शब्द बोलली नव्हती. पाण्याचा तांब्या आणून बाहेरच्या दगडावर ठेवला आणि आत गेली. मी पाणी प्यायले. ती पुन्हा आली, आणि तांब्या घरात न नेता तिथेच पालथा घातला. तू बाजूला उभा राहून आंब्याच्या झाडाकडे बघत होतास. तुझे पंच वाळीत टाकतील, तुम्हा ठाकरांच्या पंगतीत खालच्या अंगाची, डोंगराखालच्या परजातीची बाई बसवणार नाहीत, हे सगळं त्या तांब्यात आलं होतं. पण पालथ्या तांब्यावर अडीच पानं होत नाहीत, म्हणून तू शिव्या घातल्यास.

आता शास्त्राचं एक सांगते, वैतागू नकोस. आमच्या जुन्या संस्कृत नाटकांत रंगमंचावर मरण दाखवायला मनाई होती. आणि प्रेमातली माणसं लांब असली, पण भेटीची आशा शिल्लक असली, तर त्याला आमचे शास्त्रकार शृंगारच म्हणतात, विरहाचा. आशा तुटली की करुण. चोवीस वर्षं मी पहिल्या खात्यात गुपचूप बसून होते. मला दुसऱ्या खात्यात टाकताना निदान एकदा विचारायचंस.

पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवते आहे, दुसरा पत्ता नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मेलेल्यांना उलट टपाल जात नाही.

राही


शहापूर, ६ सप्टेंबर २०२५

मास्तर,

पुन्हा लिहायचं नव्हतं. पण काल असं काही घडलं की तुला लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

काल शिक्षक दिन. मुलींनी गुलाब दिले, भाषणं केली, मी गुरुमाउली झाले. सगळ्या गेल्यावर वसतिगृहातली एक अकरावीची पोरगी घुटमळत राहिली. रविना मेंगाळ. तुझंच आडनाव ऐकून मी वह्या आवरायचं थांबवलं. गाव विचारलं. टोकावड्याच्या पुढची तुमचीच वाडी. तुझ्या धाकट्या भावाची, कमळूची ती थोरली लेक. तुझ्यासारखीच मान तिरकी करून बोलते. तिने तुला कधी पाहिलेलं नाही, तरी.

तिने मला विचारलं, "बाई, तुम्ही आधी किन्हवलीकडच्या शाळेत होत्या ना? तिथं एक बाई होत्या, ज्यांनी नदीत जीव दिला. त्या तुमच्या ओळखीच्या होत्या?"

मी म्हटलं, होत्या, बऱ्यापैकी.

"मग त्यांना खायला काय आवडायचं?"

मास्तर, माझ्या नोकरीत मला अनेक प्रश्न विचारले गेलेत. या प्रश्नाला मी खाली बसले.

हळूहळू सगळं कळलं. तुझं पुस्तक त्यांच्या घरी पोचलं ते मुरबाडच्या कुणा शिक्षकाकडून. भाताची आवणी उरकल्यावर रविना सुट्टीत घरी होती, आणि तुझ्या आईला डोळ्यांनी आता जवळजवळ दिसत नाही. तिने नातीला बसवून पुस्तक रोज दुपारी थोडं थोडं वाचून घेतलं. शेवट झाला त्या दिवशी ती जेवली नाही. मग कमळूला बोलावून सांगितलं की भादव्याच्या पितरांना या वर्षापासून एक पान जास्त मांडायचं. त्या पोरीचं. कमळूने परोपरीने समजावलं, आई, ती गोष्ट हाय, दादानं मनानं लिव्हलेली. तिने ऐकलं नाही. तिचं म्हणणं, छापलंय ते खोटं कसं असेल? आणि खरंच, तिच्या घरात आजवर छापील असं जे आलं ते सातबारा, रेशनकार्ड आणि मतदानाची चिठ्ठी. तिथे मनाने लिहिलेलं काही नसतं. त्यात हे तर पोटच्या पोराने छापलेलं. पुस्तकात नायिका ब्राह्मण आहे हे तिने कानांआड केलं. खालची ती खालची, म्हणाली म्हणे. आपल्या तोंडून तशा शिव्या गेल्या नव्हत्या, हे तिला आठवतं की नाही कोण जाणे. पुस्तकात आहेत म्हणजे गेल्या असतील, असं तिने मानलंय.

मी रविनाला सांगितलं, वांगं सुकट घालून आवडायचं, आणि उकडीची तांदळाची भाकरी.

पोरगी गोंधळली. "पण बाई, त्या तर ब्राह्मण होत्या."

"चोरून खायच्या," मी म्हटलं.

हसलास ना? मीही हसले. रविना गेल्यावर मात्र वर्गाचं दार लावून बसले. अरे, ती म्हातारी समजून चाललीय की तिच्या दारातून परतलेली पोर नदीत गेली आणि त्या दुःखाने तिचा पोरगा घर सोडून गेला. तुझ्या एका शेवटापायी तिच्या माथी हत्या आली. ती थकलीय. रविना सांगत होती, आजी आता एकच म्हणते, वर गेल्यावर ती पोरगी समोर आली तर काय तोंड दाखवू?

हे आता साहित्य राहिलेलं नाही, मास्तर. तू ये. यायला जमत नसेल तर कमळूच्या फोनवर बोल, नंबर खाली लिहिला आहे. तुझा नंबर त्या घरात कुणाकडेच नाही. आईला सांग की ती पोरगी बुडाली नाही, तू बुडवलीस. इतर कुणी सांगून ती ऐकणार नाही. छापलंस तू, खोडायचंही तूच.

राही


शहापूर, २२ सप्टेंबर २०२५

मास्तर,

फोन केला नाहीस, असं रविनाकडून कळलं. म्हणून काल अमावास्येला मीच जेवायला गेले. स्वतःच्या श्राद्धाला हजर राहण्याचा मान किती जणांना मिळतो? आणि निमंत्रण रीतसर होतं. "बाई त्यांच्या ओळखीच्या, आजीने बोलावलंय," असं रविना दोनदा सांगून गेली होती.

सरळगावपर्यंत एसटी, पुढे जीप. तुझ्या वाडीचा रस्ता आता डांबरी आहे, शेवटचा चढ सोडून. नाचणी कमरेला आली होती. कमळू वरपर्यंत घ्यायला आला. तुझ्यापेक्षा देखणा निघालाय, फोटोवरून तरी. मला ओटीवर घोंगडी घातली. पाहुणी म्हणून, मास्तरीण म्हणून. मी कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुझ्या आईने माझं नाव त्या घरात कधी उच्चारूच दिलं नाही, त्याचा असा उपयोग झाला.

सागाची पानं ओळीने मांडली होती. तुझी आई, सावळीआई, खांबाला टेकून बसली होती आणि हाताने चाचपून एकेका पानाची ओळख सांगत होती. तुझे आजोबा. तुझी आजी. तुझे वडील, महादूबाबा; त्यांच्या वेळीही तू आला नाहीस, हे तिने त्यांच्याच पानाला सांगितलं. एक लहान पान तुझ्या आधी येऊन गेलेल्या तान्हुल्याचं. मग शेवटचं पान. त्यावर सुकट घातलेलं वांगं होतं. तिने त्याच्या कडेवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "ही माझी सून."

मास्तर, मी बावन्न वर्षांची बाई. आठही विभक्ती झोपेत चालवते. पण तो शब्द ऐकून माझं काय झालं ते लिहायचं मनात होतं, लिहीत नाही.

ती पानाशी बोलत होती. "जितेपणी दारात नाय घेतली तुला. आता जेव, पोरी."

घास कौलांवर ठेवले. कावळे आले, बाबांचा नेला, आजोबांचा नेला, तान्हुल्याचासुद्धा नेला. माझ्याकडे एकही फिरकला नाही. कावळ्यांना शास्त्र पक्कं ठाऊक असतं, जिवंताचा घास ते कशाला उचलतील? सावळीआई सारखी विचारत होती, घेतला का. कमळू म्हणाला, घेतला आई. पण रविनाला खोटं बोलता येत नाही. या एका बाबतीत ती तुझ्यावर गेलेली नाही.

"नाय घ्यायची," सावळीआई म्हणाली. "कशी घेल?" मग माझ्या दिशेला वळून विचारलं, "बाई, तुमी वळखत व्हत्या तिला. रागीट व्हती का?"

"थोडी," मी म्हटलं.

"मंग बराबर."

तिचे हात मांडीवर नुसते पडले होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आजी, ती बुडाली नाही, ती जिवंत आहे, पुस्तकात मनाचं लिहिलंय. तिने माझा गुडघा थोपटला. शिकलेली माणसं बरं बोलतात, म्हणाली. संपलं.

'मीच ती' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं, हे मला कळतं. घरात माणसं होती, ते कारण होतं. दुसरं कारण हे, की ते पान माझ्या समोर होतं. ज्या घरासाठी मी सगळ्यांशी भांडले त्या घरात मला जागा मिळाली होती, महादूबाबांच्या ओळीत, तान्हुल्याच्या शेजारी. जिवंत झाले असते तर ती सोडावी लागली असती. एक दिवस बसू दे म्हटलं.

पण हा माझा लोभ झाला. त्याचं मोल ती म्हातारी देतेय. तू लवकर ये.

राही


शहापूर, १२ ऑक्टोबर २०२५

मास्तर,

उत्तर मिळालं. तीन पत्रांना मिळून दोन ओळी. सूत्रकारसुद्धा तुझ्यासमोर वाचाळ ठरावेत. 'आईला काही सांगू नकोस. आहे ते तसंच राहू दे.' खाली सही नाही. वर 'प्रिय' नाही, की नाव नाही. अक्षर मात्र तेच, फळ्यावर खडू मोडायचास तसं दाबून लिहिलेलं.

ते पाकीट मी चार दिवस पोथ्यांच्या कपाटात ठेवलं. रोज वाटायचं की आत आणखी एखादा कागद चिकटून राहिला असेल. नव्हता.

का सांगू नको, मास्तर? तुझ्या बायकोला मी मेलेली ठाऊक आहे, हे समजू शकते. पुस्तक तिलाच अर्पण केलंयस, आणि मेलेल्या बाईवर कोण रागावतं? तुझ्या वाचकांना मी मेलेली हवी, हेही समजते. जातीबाहेर प्रेम करणारी बाई शेवटच्या पानानंतर शाळेत हजेरी घेते, भाजी निवडते, तिला गुडघेदुखी होते, हे छापलं तर दुसरी आवृत्ती निघणार नाही. तुम्हा लिहिणाऱ्यांना प्रेमात पडलेली माणसं एक तर लग्नाला उभी राहिलेली हवीत, नाही तर चितेवर. मध्ये राहून गेलेल्यांचं करायचं काय, हे तुम्हाला कळत नाही. ते आम्हालाही कळलेलं नाही, म्हणून तक्रार करत नाही.

पण आईला का नको? ती काय समीक्षा लिहिणार आहे? ती हत्येचं ओझं घेऊन जाईल, आणि तुला ते चालेल, असं मी मानू? मी त्या माणसाला ओळखत होते जो मुलाच्या हातावर छडी मारून झाल्यावर व्हरांड्यात जाऊन स्वतः रडायचा.

भातकापणी सुरू होतेय. दिवाळी झाली की जाईन. तोवर तुला वेळ आहे. तू आलास तर मी जाणार नाही, आणि तू आलास हे मला कळलं तरी तुझ्या समोर येणार नाही. एवढं वचन देते.

राही


शहापूर, ३ नोव्हेंबर २०२५

मास्तर,

सांगितलं.

काल गेले. सगळी माणसं कापणीला शेतावर होती. सावळीआई एकटी अंगणात बसून, हातात काठी घेऊन, वाळत घातलेल्या भातावरच्या कोंबड्या हाकत होती. दिसत नाही, तरी आवाजावर बरोबर काठी आपटते. मी शेजारी बसले. कोण, म्हणाली. शहापूरच्या बाई, म्हटलं. आणि मग, जास्त शब्द केले तर धीर जाईल म्हणून, एकदम सांगून टाकलं की पितरांना जिचं पान मांडलंत ती मी.

काठी थांबली. तिचा विश्वास नव्हता. मग मी तांब्याचं सांगितलं. दगडावर ठेवलेला, मी प्यायल्यावर तिथेच पालथा घातलेला. हे पुस्तकात नाही. हे आपल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही.

तिने हात पुढे केला. माझं मनगट धरलं, मग दंड, मग गाल. भाजी घेताना चाचपतात तसं. केसांपाशी आली तेव्हा एक बट ओढून अगदी डोळ्यांजवळ धरली. "पिकले गो तुझे," म्हणाली. मग रडली. मोठ्याने नाही, पण सगळ्या अंगाने. माझ्या हातून नाय मेलीस, माझ्या हातून नाय मेलीस, एवढंच म्हणत राहिली. कोंबड्यांनी तेवढ्यात पायलीभर भात खाल्लं असेल. मला वाटलं, मास्तर चुकला आणि मी बरोबर होते. तुला काय काय सुनवायचं ते मी मनात लिहायलाही लागले होते.

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारायला लागली. हळूहळू, एकेक. लग्न केलं का? नाही. कुठं राहतेस? शहापुरात. कधीपासून? किन्हवली सोडल्यापासून, लांब कुठे गेलेच नाही.

"आनि तो? त्याला ठावं व्हतं, तू हितंच हायस?"

"हो."

"जिती हायस?"

"हो, आजी."

तिने काठी चाचपून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मंग तो का नाय आला?"

तुझ्या दोन ओळी पर्समध्ये होत्या.

तिने पुढे जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते, कारण तुझ्या पुस्तकावर वर्तमानपत्रांतून अभिप्राय आले असतील, पण हा आला नसेल. ती म्हणाली, "मी आपली समजत व्हती, बाईल मेल्याच्या दुःखानं गेला पोर. माझ्यावर राग धरून बसला. राग असला का माणूस येतो कधी तरी, राग सरला का." आणि मग, "जितीला सोडून आलो, असं कसा लिव्हल तो? म्हनून बुडवली तुला."

आरोप नव्हता तिच्या बोलण्यात. आईने पोराच्या सदऱ्याला बटण लावावं तसं बोलली.

मास्तर, तेव्हा मला तुझ्या दोन ओळी कळल्या. तू मला मारलंस त्यात तुझीही सोय होती आणि तिचीही. मी मेलेली असताना तिच्याकडे पाप होतं, पण पोरगा होता. दुःखात बुडालेला, रागावलेला, रस्ता चुकलेला का होईना, तिच्यामुळे गेलेला पोरगा. मी जिवंत झाले आणि तो पोरगा गेला. आता उरला तो चष्मा घातलेला माणूस, जो दोन मुलांसह नंदुरबारकडे राहतो आणि ज्याला यायचं नाही. आणि हे मला शहाण्या बाईला तिच्या अंगणात बसेपर्यंत कळलं नव्हतं. चोवीस वर्षं मीही तेच केलं होतं ना. आईने अडवलं, पंचांनी अडवलं, अनंतादादाने अडवलं. इतक्या लोकांनी अडवल्यावर तुला यायचं होतं की नाही, हे विचारायची पाळीच आली नाही.

जाताना तिने पाणी दिलं. हातात दिलं. आत ये, म्हणाली, कोनी नाय बघायला. मी आत गेले, चुलीशी क्षणभर उभी राहिले. पुढच्या वर्षी तुझं पान नाय मांडायचं, असं तिने मला सांगितलं. जितीचं मांडत नाय. मी हो म्हटलं.

राही


शहापूर, १४ डिसेंबर २०२५

महिपत,

हे शेवटचं. यात शास्त्र नाही.

आज पुन्हा गेले होते. रविनाने सांगितलं की आजी धड जेवत नाही, म्हणून. बोलावलं नव्हतं. सोबत वांगी नेली, सुकट नेली, म्हटलं घरी करून खाऊ घालू. कमळूच्या बायकोने चूल दिली. तिला आता ठाऊक आहे मी कोण ते. पंचांचं काय, असं मी विचारलं तेव्हा तिने खांदे उडवले. पंचांची पोरं कल्याणला कारखान्यात आहेत, दोघांनी बाहेरच्या केल्यात. कुणी काही म्हणत नाही आता. म्हणजे आपण अडलो ते दार तेवढ्यात उघडून पुन्हा लोटूनही झालं, आणि आपल्याला पत्ता नाही.

सावळीआई ओटीवर नव्हती. तिने खाट बाहेर काढायला लावलीय, चढावरून जीपचा आवाज येतो तिथे. सकाळी बसते, ऊन उतरलं की आत नेतात. आवाज आला की उठून बसते. जीप पुढच्या पाड्याला वळली की पडते. पूर्वी असं करत नव्हती, कमळू म्हणाला. पूर्वी दादाचं नाव काढलं तर म्हणायची, त्याचं दुःख त्याच्याजवळ, येईल तेव्हा येईल. आता रोज विचारते, कुठवर आला असेल.

मी ताटली घेऊन बसले. दोन घास खाल्ले तिने. चव चांगली आहे म्हणाली. मग माझा हात धरून, अगदी मायेने, म्हणाली, "तू येऊ नको गो आता. तू आलीस का मला वाटतं, मागनं तो येल."

मी ताटली खाली ठेवली. हात तिने लगेच सोडला नाही; सोडला तेव्हा माझी बोटं एकेक करून सोडली. मग रस्त्याकडे तोंड करून बसली. मी निघाले तेव्हा माझ्या पावलांचा आवाज तिला ऐकू आला असणार. तिने मान वळवली नाही.

जीपमध्ये माझ्या डोक्यात पुन्हा तुला लिहायच्या विनोदांची जुळवाजुळव चालली होती. सवय. सरळगाव येईपर्यंत एकही जमला नाही.

तुझ्यावर मी कधी हक्क सांगितला नाही, आता तर सांगण्यासारखा नाहीच. मी वाट बघायची थांबले आहे. हे तुला कळवायला हवं असं नाही, पण तुझ्या माथी एवढं तरी नको. ती थांबलेली नाही. ती खाटेवर बसलीय. तुला यायचं नाही हे तिला कळलंय आणि तरी ती बसलीय.

तू जा. पुस्तकाचं काही बोलू नकोस, माझंही बोलू नकोस. गेलास तर मला कळवू नकोस.

राही